मावशी पाहिजेत

“बाळ सांभाळायला मावशी पाहिजेत. वेळ सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा. बाळ सहा महिन्यांचं. स्वच्छ, प्रेमळ, विश्वासू आणि बाळाची आवड असणाऱ्या. इतर काम नाही.”

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी हा मजकूर टाकला. चाळीस वर्षं लिहिण्यात गेलेली बाई मी, शब्द मोजून वापरते. तासाभरात सतरा अंगठे आले, दोन जोडलेले हात आले, एकांनी चुकून वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. मावशी काही आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी भांड्याला येणाऱ्या बाईंना तो मजकूर वाचून दाखवला. त्यांनी हातातलं पातेलं विसळता विसळता ऐकलं आणि विचारलं, “पैसे किती ते कुठं लिहिलंय?”

चार विशेषणं लिहिली होती. आकडा नव्हता.

लेकीची २६ आठवड्यांची रजा संपत आली होती. त्या महिन्यात “आजी आहे की घरात!” हे वाक्य मी इतक्या तोंडांनी ऐकलं, की मला माझ्याच असण्याचा राग यायला लागला. आजी आहे. आजीला दोन दुखरे गुडघे आहेत, एक साप्ताहिक सदर आहे आणि दुपारी पाऊण तास आडवं व्हायची सवय आहे. मी सरळ सांगितलं, संध्याकाळी साडेसहानंतर मी आहे, अडीअडचणीला आहे, पण रोजची दहा तासांची नोकरी करणार नाही. लेक दोन दिवस गप्प होती. जावई समजूतदार, म्हणून चार दिवस.

तिच्या कंपनीत पाळणाघराची सोय होती. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांची २६ केली आणि ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची केली. त्यामुळे कागदावर सगळं चोख. फक्त ते पाळणाघर हिंजवडीत आणि आम्ही कोथरूडमध्ये. सकाळी चांदणी चौकापासून पुढचा रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना मी जास्त काही सांगत नाही. सहा महिन्यांचं मूल रोज दोन वेळा त्या गर्दीतून न्यायचं म्हणजे त्याला बोलता येण्याआधी हॉर्न वाजवता आला असता.

या रजेचं मूळ आपल्याकडेच आहे. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले, आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात कायदा झाला. त्याआधी काही वर्षं डॉ. बार्न्स नावाच्या बाईंनी गिरणीकामगार बायकांच्या बाळंतपणांची पाहणी केली होती. कामावर जाताना तान्ह्याला अफूची बाळगोळी द्यायची, म्हणजे ते आई परत येईपर्यंत पेंगत पडतं, ही तेव्हाच्या चाळींतली सर्रास रीत. ज्यांना बाई ठेवणं शक्य नव्हतं, त्यांची ‘बाई’ ही अशी होती. हे वाचल्यापासून मी ‘आमच्या वेळी बरं होतं’ हे वाक्य जपून वापरते.

आमच्या वेळी, म्हणजे १९९१ नंतर, माझी लेक समोरच्या वाड्यातल्या काकूंच्या पाळणाघरात वाढली. काकूंकडे आठ मुलं, दोन पाळणे, एक लाकडी घोडा आणि भरपूर मऊ भात. करारबिरार काही नाही. महिन्याच्या एक तारखेला पाकीट द्यायचं, ते काकू न मोजता फडताळात ठेवायच्या. मोजलेलं मी कधी पाहिलं नाही, म्हणून त्यांना पैशांची फिकीर नाही असं मला वाटायचं. या लेखासाठी परवा त्यांना भेटायला गेले. आता त्या ८४ वर्षांच्या आहेत. म्हणाल्या, “तुम्ही गेल्यावर मोजायची हो. तू पुष्कळदा पन्नास कमी घालायचीस.” माझ्या लक्षातही नव्हतं. त्यांच्या होतं.

*

मावशी मिळण्याच्या वाटा तीन. एक, बाईने बाई आणायची. दोन, ब्यूरो. तीन, मोबाइलवरचं ॲप, जिथे चेहऱ्यांखाली तारे असतात. ॲपवर आम्ही एक संध्याकाळ घालवली. साबुदाणा मागवल्यासारखं माणूस मागवायला हात धजेना. लेक म्हणाली, “आई, उगाच हळवी होऊ नकोस. तू ग्रुपवर टाकलंस ते काय वेगळं होतं?” तिचं बरोबर होतं.

ब्यूरो एका बोळात, झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. बाहेर चपलांचा ढीग, आत भिंतीला टेकून सहा-सात बायका, प्रत्येकीच्या पायाशी एकेक पिशवी. त्या पिशव्यांकडे माझं सारखं लक्ष जात होतं. हो म्हटलं तर आजच मुक्कामाला जायची तयारी त्यांत होती. परभणी, वाशिम, यवतमाळ, एक तर थेट झारखंडची. बारा तासांच्या बायका पुण्यातल्याच असतात, चोवीस तासांच्या बाहेरून येतात, असं ब्यूरोच्या बाईंनी सांगितलं. बोलणं त्यांचं अगदी मोकळं. एका महिन्याचा पगार कमिशन, अकरा महिन्यांत तीन वेळा बदली बाई, त्यानंतर पुन्हा कमिशन. “तीन वेळा कशाला लागेल?” मी विचारलं. त्या हसल्या. “मॅडम, पहिली तुम्हाला पटत नाही, दुसरीला तुम्ही पटत नाही.”

हे सगळं त्या बायकांसमोर चाललं होतं. वय, माहेर, नवरा काय करतो, पितो का, किती मुलं, शाकाहारी का. एकीचं दाताचं खिंडार दाखवून “स्वच्छ आहे, तंबाखू नाही” असंही झालं. मी मान खाली घालून फॉर्म भरत बसले. फॉर्मवर आमच्याबद्दल दोनच ओळी होत्या, पत्ता आणि फोन. झारखंड आणि छत्तीसगडमधून मुली फार दूर नेल्या जातात म्हणून त्या राज्यांनी अशा एजन्सींवर कायदे केले, हे मला ठाऊक होतं. त्या मुलीला विचारावंसं वाटलं, की तू किती वर्षांची. विचारलं. “अठरा,” ब्यूरोच्या बाई म्हणाल्या. मुलगी काहीच बोलली नाही. आम्ही तिथून बाई घेतली नाही, पण मी आणखी काही केलंही नाही. उतरताना जिन्यात जावई म्हणाला, “कमिशन जरा जास्तच आहे ना?” तेवढंच बोलणं झालं.

शेवटी बाईनेच बाई आणली. सात आठवड्यांत आम्ही अकराजणींशी बोललो होतो. एक आल्या त्या सोफ्याच्या टोकावर बसून नातवाकडे न बघता स्वयंपाकघराकडे बघत राहिल्या. एक फार गोड बोलल्या, इतक्या की लेक घाबरली. एकींना आम्ही हो म्हटलं, त्या सोमवारी येणार होत्या, अजून यायच्या आहेत. शेजारच्या वहिनींनी मध्येच हळूच विचारलं, “आपल्यातली मिळत नाही का गं कुणी?” आपल्यातली म्हणजे कुठली, हे त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं आणि मला त्यांच्या. माझ्या आईच्या घरात खिडकीच्या कठड्यावर कान तुटलेला एक कप उलटा घातलेला असायचा. तो कुणाचा, हे आम्हा मुलांना कुणी सांगावं लागलं नव्हतं.

बारावी बाई केळेवाडीतून आल्या. वय ३८. दारात चपला काढल्या, पाय धुतले, मग बाळाला न घेता आधी हातातल्या बांगड्यांत अडकवलेल्या सेफ्टी पिना काढायला लागल्या. चार निघाल्या, पाचवी मंगळसूत्रात होती. “वाटी द्या एक,” म्हणाल्या. वाटीत पिना टाकल्या, वाटी फ्रिजवर ठेवली आणि हात पुढे केले. मुलाखत तिथेच संपली होती. पुढचे सगळे प्रश्न मी आपले विचारायचे म्हणून विचारले.

त्यांनी एकच प्रश्न विचारला, “घरात कॅमेरा आहे का?”

लेक गडबडली. कॅमेरा मागवलेला होता, खोक्यात होता. तिने खरं सांगून टाकलं. मावशी म्हणाल्या, “असू द्या की. फक्त सांगून लावा. न सांगता लावला आणि मला कळलं, तर मी राहणार नाही.” कॅमेरा हॉलमध्ये लागला. त्याच्यासमोर मावशी कधीमधी हात हलवतात आणि ऑफिसात बसलेली माझी लेक दचकते.

पोलीस ठाण्यात द्यायचा फॉर्म भरला, फोटो जोडला, आधारकार्डाची झेरॉक्स लावली. हे करावंच, मी नको म्हणणार नाही. पण दोनेक महिन्यांनी गप्पांत मावशी सहज म्हणाल्या, की त्यांनीही आमची चौकशी केली होती. दुसऱ्या मजल्यावर पोळ्या करणाऱ्या बाईंकडे, वॉचमनच्या बायकोकडे, शिवाय आमची भांडी घासणाऱ्या बाईंकडे तर आधीच. “काय विचारलंत?” “पगार एक तारखेला होतो का. घरातले पुरुष कसे आहेत. खाडा झाला की बोलतात का.” “आणि मग?” “आजी तोंडाने फटकळ आहेत पण पैसे वेळेवर देतात, म्हणाल्या.” माझ्या चारित्र्याचा याहून नेमका दाखला मला आजवर कुणी दिलेला नाही.

*

आता त्या ‘मावशी’ शब्दाविषयी. मी ६४ वर्षांची, त्या ३८ च्या. मी त्यांना मावशी म्हणते, त्या मला आजी म्हणतात, लेकीला ताई. कागदावर हे नातं मांडायला गेलं तर वंशावळ कोलमडेल. माय मरो पण मावशी जगो म्हणणारी आपली भाषा. तिने पगारी बाईला मावशी केलं यात माया आहेच. पण सोयही आहे. जुना शब्द मोलकरीण. तो आता आम्ही सुशिक्षित लोक तोंडावर उच्चारत नाही, अपमानाचा वाटतो. वास्तविक त्यात मोल आहे. मोल घेऊन काम करते ती मोलकरीण. या व्यवहारात दाम आहे, हे त्या शब्दाने कधी लपवलं नाही. १९८० साली पुण्यात या बायकांनी संप केला आणि संघटना उभी राहिली, तेव्हा तिचं नाव पुणे शहर मोलकरीण संघटना असंच ठेवलं गेलं. मी तेव्हा वीस वर्षांची. पगारवाढ, हक्काच्या सुट्ट्या, दिवाळीचा बोनस, असं काय काय आमच्या माजघरात चर्चेला आलं. आई भांडी घासता घासता म्हणायची, “अगं, घरातल्यासारखं वागवतो, तरी संप?” त्या ‘तरी’चं उत्तर समजायला मला पंचेचाळीस वर्षं लागली.

घरातल्यासारखं म्हटलं की सुट्टी मागता येत नाही, घरातलं माणूस कुठे सुट्टी मागतं? पगारवाढीचं बोलता येत नाही, आपल्यात काय हिशेब! “जरा दोन पोळ्या टाकाल का” याला नाही म्हणता येत नाही. आणि आपण चार दिवस महाबळेश्वरला गेलो की मात्र त्या एकदम बाहेरच्या होतात, त्या चार दिवसांचे पैसे कापले जातात. आमच्या सोसायटीत लिफ्टपाशी या एका मुद्द्यावर मी दोन वेळा भांडले आहे. घर बंद ठेवायचं आपण ठरवलं, बाई तर यायला तयार होत्या.

कायद्याचं बघावं तर तिथेही ‘घर’ आडवं येतं. घर म्हणजे कारखाना नाही, आस्थापना नाही. घरकामगारांच्या सन्मानाच्या कामाविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १८९ क्रमांकाचा करार २०११ मध्ये जिनिव्हात झाला; भारताने बाजूने मत दिलं, पण त्याला अधिकृत मान्यता अजून दिलेली नाही. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घरकामगार आहेत, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. आणि २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सांगितलं, की घरकामगारांसाठी कायदा करण्याचा विचार करायला समिती नेमा. मावशींना यातलं काय पोचलं, म्हणून विचारलं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ ला, सरकारने नोंदणी असलेल्या बायकांना दीड हजार रुपये जाहीर केले होते. त्यांची नोंदणी होती, पण नूतनीकरण राहिलं होतं. “कार्ड आहे घरी,” म्हणाल्या. “लॅमिनेट केलंय.”

आणि बाळंतपणाची रजा? माझ्या लेकीला २६ आठवडे भरपगारी मिळाले. मावशी धाकट्याच्या वेळी चाळिसाव्या दिवशी कामावर गेल्या, तेही आधीचं घर हातचं जाईल म्हणून घाईने.

*

तर भांडीवाल्या बाईंच्या त्या पहिल्या प्रश्नाला मान देऊन आम्ही कागद केला. लेकीने संगणकावर इंग्रजीत मसुदा केला होता. मी तो बाजूला ठेवून पाटीएवढ्या अक्षरात मराठीत लिहिला. पगार १८ हजार, एक तारखेला. रविवार सुट्टी, शिवाय महिन्यातून एक. आजारपणाचे वर्षाला दहा दिवस भरपगारी. आम्ही गावाला गेलो तर पगार चालू. दिवाळीला एक पगार बोनस. उशीर आमच्यामुळे झाला तर तासाचे वेगळे. उचल घेतली तर महिन्याला दोन हजार कापायची, जास्त नाही. काम बाळाचं, म्हणजे बाळाचं खाणं, अंघोळ, कपडे, झोप, फिरणं. पोळ्या नाहीत. मावशींनी बोट ठेवत ठेवत वाचलं आणि म्हणाल्या, “जेवणाचं लिहा. दुपारचं माझं मी आणणार. तुमच्याकडं तिखट नसतं.” तेही लिहिलं.

कागदाने सगळं सुटलं असं मुळीच नाही. पहिल्याच आठवड्यात तेलावरून ठिणगी पडली. अंघोळीआधी नाका-कानात तेलाचे दोन थेंब सोडायचे, हे मावशींना जितकं पक्कं ठाऊक, तितकंच मला. डॉक्टरांनी सक्त मनाई केलेली. नाकातलं तेल फुप्फुसात जाऊ शकतं. त्या दिवशी घरात दोन पक्ष पडले आणि मी चक्क विरोधी पक्षात, मावशींच्या बाजूला होते. मधाचंही तेच. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्याला विषबाधा होऊ शकते, हे लेकीने आम्हा दोघींना शेजारी बसवून सांगितलं. मावशींनी ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, “आजी, आपल्या पोरांना आपण काय काय घातलं!” दोघी हसलो. तेव्हापासून काजळ, मध, नाकातलं तेल बंद. दृष्ट मात्र दर अमावास्येला काढली जाते. तिला डॉक्टरांची हरकत नाही, मी विचारून घेतलंय.

चौथ्या महिन्यात एकदा पावसाने मावशी अडकल्या. फोनवर बोलत होत्या, कुणाला तरी सांगत होत्या की त्याला जेवू घाल. मग कळलं, की त्यांचा धाकटा पाच वर्षांचा आहे आणि बालवाडीतून आल्यावर जावेकडे असतो. मोठी नववीत. आम्ही अकराजणींना किती मुलं म्हणून विचारलं होतं. ती मुलं या वेळी कुणाकडे आहेत, हे एकीलाही विचारलं नव्हतं.

“बरं आहे, जाऊ आहे घरातली,” मी म्हटलं.

“जावेला महिन्याला दीड हजार देते,” मावशी म्हणाल्या.

“जावेला? पैसे?”

“मग? फुकट ठेवलं की बोलणी खावी लागतात. पोराला पण अन् मला पण. पैसे दिलं की मला विचारता येतं, दूध पाजलं का म्हणून.”

मी तो दिवसभर सदराचा लेख लिहायचा प्रयत्न करत होते. जमला नाही.

मध्यंतरी बाणेरला एका घरी गेले होते, याच लेखाच्या कामाने. उंच इमारत, चोवीस तासांची बाई, नांदेडकडची. नवरा-बायको दोघंही चांगली माणसं, “ती आमच्या घरातलीच आहे” हे तिच्यासमोर तीनदा सांगितलं. ती चहा ठेवून भिंतीपाशी उभी राहिली. तिची खोली कुठे, विचारलं. बाळाच्या खोलीत, पाळण्याखाली गादी टाकते. बाळ रात्री किती वेळा उठतं? तीन-चारदा. म्हणजे चोवीस तास ही जाहिरातीची भाषा नव्हती, खरोखरच चोवीस होते. मी निघताना तिला नाव विचारलं तर घरच्यांनी सांगितलं, “मावशीच म्हणतो आम्ही.”

नातू आता पावणेदोन वर्षांचा आहे. तो ‘मावशी’ला माशी म्हणतो. सकाळी साडेआठला बेल वाजली की “माशी, माशी” करत दाराकडे धावतो आणि माझ्या लेकीचा चेहरा क्षणभर कसनुसा होतो. मग ती बॅग उचलते. या बाबतीत तिला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. ती पाळणाघरातून घरी यायला तयार नसायची, काकूंच्या लुगड्याला घट्ट धरून ठेवायची, तेव्हा मला काय वाटायचं ते मी तिला कधी सांगितलेलं नाही.

ऑगस्टमध्ये कागदाला वर्ष झालं. मी म्हटलं, नवा करू, दोन हजार वाढवून. मावशी म्हणाल्या, या वेळी माझ्याकडून आणते. सोमवारी वहीचं दुरेघी पान घेऊन आल्या. त्यांच्या नववीतल्या, आता दहावीत गेलेल्या मुलीने लिहिलं होतं, समास सोडून, शीर्षकाखाली दोन रेघा मारून. आमची सगळी कलमं तिने उतरवून काढली होती. पगाराच्या आकड्यात माझ्या वाढीवर आणखी एक हजार होते. खाली एक नवं कलम होतं: ‘मार्च महिन्यात दहावीच्या पेपरच्या दिवशी आईला दुपारी ३ वाजता सोडणे. पैसे कापू नये.’

त्याखाली मावशींची सही आणि माझ्यासाठी ठिपक्यांची ओळ. मी फ्रिजवरचं पेन घेतलं. वाटीतल्या पिना तिथेच होत्या, पाचही.